पाच मासे साखर



गुरुजींच्या स्मृत्यर्थ होणाऱ्या या व्याख्यानाचे निमंत्रण मला आले, तेव्हा मी संतवाङ्मयावर बोलेन अशी व्यवस्थापकांची अपेक्षा असावी. ती स्वाभाविकच होती. आयुष्यभर मी मराठी शिकवले आणि माझा प्रबंधही त्याच विषयावर होता. परंतु गुरुजी आम्हाला शिकवत ते विज्ञान आणि गणित. त्यांना जाऊन आता चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, आणि ते ज्या व्याधीने गेले ती व्याधी आज या सभागृहातील बहुतेक प्रत्येक कुटुंबात येऊन बसली आहे. माझ्याही घरात ती आहे, माझ्याच देहात आहे. म्हणून आज मी मधुमेहाविषयी, आणि त्यातही आपले अन्न व आपली आतडी रक्तातील साखर कशी सांभाळतात याविषयी बोलणार आहे. मी वैद्य नाही. एका जुन्या विद्यार्थ्याने उशिरा केलेला गृहपाठ, एवढेच या भाषणाचे स्वरूप समजावे.

प्रारंभ सराफा बाजारापासून करतो. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ 1810 मध्ये येथे पडला आणि त्या तळाचे पुढे ‘लष्कर’ हे शहर झाले, हे आपण सारे जाणतो. महाराज बाड्यापासून हाकेच्या अंतरावरील हा सराफा आमच्या लहानपणी आमचा शाळेचा रस्ता होता. मी सातवीत असताना, म्हणजे 1962 च्या सुमारास, देशात दशमान वजने सक्तीची होत होती. गुरुजी एके दिवशी आम्हा मुलांना रांगेने सराफ्यातील एका पेढीवर घेऊन गेले. “ही वजने आता जाणार आहेत. जाण्यापूर्वी डोळे भरून पाहून घ्या,” असे ते म्हणाले. सराफाने काचेच्या पेटीतील नाजूक काटा काढला. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. लाल अंगाची, काळ्या डोळ्याची गुंज त्यांनी प्रत्येकाच्या तळहातावर ठेवली आणि विचारले, “वजन जाणवते का?” कोणालाच जाणवले नाही. मग तीच गुंज त्यांनी काट्याच्या पारड्यात टाकली, आणि काटा हलला. “तुम्हाला जाणवले नाही, काट्याला जाणवले,” एवढेच बोलून ते आम्हाला परत घेऊन आले.

त्या पाठाचा पूर्ण अर्थ मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी उमगला. त्या वर्षी माझ्या रक्ततपासणीचा कागद हाती आला आणि त्यावर उपाशीपोटीच्या साखरेसमोर मर्यादेपलीकडचा आकडा होता. निरोगी माणसाच्या शंभर मिलिलिटर रक्तात उपाशीपोटी 70 ते 100 मिलिग्रॅम ग्लुकोज असते. हा आकडा 126 किंवा त्याहून अधिक असल्याचे पुनःपुन्हा आढळले, म्हणजे मधुमेह मानतात. मी गणित मांडले. प्रौढ माणसाच्या देहात साधारण पाच लिटर रक्त असते. तेव्हा शंभरच्या हिशेबाने साऱ्या रक्तातील साखर होते पाच ग्रॅम. तोळा म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅम, आणि मासा म्हणजे ग्रॅमहून किंचित कमी. म्हणजे आपल्या साऱ्या रक्तप्रवाहात, डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत, जेमतेम पाच मासे साखर असते! आणि 126 चा हिशेब केला तर सव्वासहा ग्रॅमच्या आसपास. निरोगी आणि रोगी यांत अंतर किती, तर दहा-अकरा गुंजांचे. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा चुकीची नाही. तळहाताला न जाणवणारे हे वजन डोळ्यांना, मूत्रपिंडांना आणि पायांच्या मज्जातंतूंना जाणवते. ते वर्षानुवर्षे जाणवत राहते, आणि आपल्याला कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

आता दुसरे पारडे पाहू. एक वाटी शिजलेल्या भातात सुमारे चाळीस ग्रॅम पिष्ट असते. पोटात गेल्यावर त्याची जवळजवळ सारीच साखर होते. म्हणजे साडेतीन तोळ्यांच्या आसपास. ज्या तिजोरीत पाच मासेच ठेवण्याची परवानगी आहे, तिच्या दारावर घटकाभरात साडेतीन तोळे माल येऊन पडतो. तरीही निरोगी देहात काटा थोडा हलतो आणि दोन तासांत पुन्हा जागेवर येतो. हे कोण घडवते?

स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन, असे उत्तर विद्यार्थी देतील, आणि ते बरोबर आहे. टोरोंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी 1921 मध्ये इन्सुलिन मिळवले आणि 1922 च्या जानेवारीत ते प्रथम एका मुलाला टोचले गेले. ही कथा पाठ्यपुस्तकात आहे. परंतु स्वादुपिंडाला वर्दी कोण देते? माल येत आहे, किती येत आहे, कोणत्या वेगाने येत आहे, हे त्याला कसे कळते? या प्रश्नाची कथा इन्सुलिनहून जुनी आहे आणि तिचा नायक आहे आतडे, ज्याला आपण अन्न वाहून नेणारी नुसती नळी समजत आलो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात 1902 च्या जानेवारीत बेलिस आणि स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. पचनाच्या साऱ्या आज्ञा मज्जातंतूंमधूनच जातात, असे त्या काळी रशियातील पाव्हलॉव्हच्या कार्यामुळे सर्वमान्य झाले होते. या दोघांनी एका कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका भागाचे सारे मज्जातंतू तोडून टाकले आणि त्या भागात आम्ल घातले. मार्ग तुटलेला असताना आज्ञा पोहोचावयास नको होती, पण स्वादुपिंडातून रस पाझरू लागला. मग आतड्याचे आतील अस्तर खरवडून, वाळू आणि आम्लासह घोटून, गाळून त्यांनी ते शिरेत टोचले, आणि रस पुन्हा पाझरला. म्हणजे आज्ञा तारेने जात नव्हती. आतडे रक्तात एक पदार्थ सोडत होते आणि रक्त त्याला टपालासारखे वाहून नेत होते. त्या पदार्थाला त्यांनी ‘सिक्रेटिन’ म्हटले. मानवाला कळलेले हे पहिले संप्रेरक, आणि ते आतड्याचे आहे.

अशा पदार्थांसाठी ‘हार्मोन’ हे सामान्य नाव स्टार्लिंग यांनी 1905 मधील आपल्या व्याख्यानांत वापरले. केंब्रिजमधील भोजनप्रसंगी ग्रीक काव्याच्या एका पंडिताने त्यांना हा शब्द सुचवला, असे सांगतात. मूळ ग्रीक धातूचा अर्थ ‘चालना देणे, उद्युक्त करणे’. आपला ‘संप्रेरक’ हा शब्दही नेमके हेच सांगतो. विज्ञानाच्या इतिहासातील एवढा मोठा शब्द भाषेच्या अभ्यासकाने जेवणाच्या टेबलावर दिला, याचा माझ्यासारख्याला थोडा अभिमान वाटला तर आपण क्षमा करावी!

लगेच 1906 मध्ये लिव्हरपूल येथे मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आतड्याच्या अस्तराचा अर्क मधुमेही रुग्णांना देऊन पाहिला. एखाद्या रुग्णाच्या लघवीतील साखर उतरली, पण हे यश सर्वत्र मिळाले नाही. बेल्जियमच्या ला बार यांनी 1932 च्या सुमारास साखर उतरवणाऱ्या या आतड्यातील घटकाला ‘इन्क्रेटिन’ म्हटले. पुढे इन्सुलिनच्या झगमगाटात हा विषय मागे पडला. इन्सुलिन मोजण्याची सूक्ष्म रीत हाती आल्यावर, 1964 मध्ये एक साधी तुलना झाली. ग्लुकोज शिरेतून दिले तर इन्सुलिन किती स्रवते आणि तोंडाने दिले तर किती? तोंडाने दिल्यावर ते कितीतरी अधिक स्रवले. पुढील अभ्यासांनी दाखवले की निरोगी माणसात तोंडाने घेतलेल्या ग्लुकोजनंतर स्रवणाऱ्या इन्सुलिनपैकी निम्म्याहून अधिक वाटा या आतड्याच्या वर्दीचा असतो. स्वादुपिंड रक्तातील साखर पाहून जागे होतेच, परंतु त्याआधीच आतड्याने त्याला हाक मारलेली असते.

ही हाक देणारी मुख्य संप्रेरके दोन. पहिले जीआयपी. ते लहान आतड्याच्या वरच्या भागातील पेशींतून येते. दुसरे जीएलपी-1. त्याच्या पेशी आतड्याच्या खालच्या भागात आणि मोठ्या आतड्यात अधिक असतात. याचे कार्य 1987 च्या सुमारास बॉस्टन, कोपनहेगन आणि लंडन येथील संशोधकांनी उलगडले. जीएलपी-1 चार कामे करते. साखर वाढलेली असेल तेव्हाच ते इन्सुलिनला चालना देते. ग्लुकागॉन नावाच्या, यकृतातून साखर बाहेर काढणाऱ्या संप्रेरकाला ते आवरते. जठराचे खालचे दार सावकाश उघडू देते, म्हणजे माल एकदम न येता हप्त्याहप्त्याने येतो. आणि मेंदूला ‘पुरे’ असे सांगते. सराफाच्या पेढीवरचा जुना मुनीम यापेक्षा अधिक काय करतो? येणाऱ्या मालाची खबर देतो, आतला माल बाहेर जाऊ देत नाही, दारावरची गर्दी आवरतो आणि मालकाला सांगतो की आज खरेदी बस्स झाली.

हा मुनीम मात्र फार अल्पायुषी आहे. रक्तात आल्यापासून एक-दोन मिनिटांत डीपीपी-4 नावाचे एक विकर त्याला निकामी करते. वर्दी देऊन तो नाहीसा होतो, पुढच्या घासाला पुन्हा नवा येतो. प्रौढ वयात होणाऱ्या मधुमेहात, ज्याला ‘टाइप 2’ म्हणतात, या वर्दीचा परिणाम बराच मंदावलेला असतो, असे जर्मनीतील अभ्यासात 1986 मध्ये दिसून आले. आतडे हाक मारते, पण स्वादुपिंडाला ती पूर्वीसारखी ऐकू येत नाही.

मग औषधाचा शोध सुरू झाला. एक-दोन मिनिटांत मरणारा पदार्थ औषध म्हणून कसा द्यावा? उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडले. अमेरिकेच्या वाळवंटात ‘गिला मॉन्स्टर’ नावाचा, घोरपडीच्या दूरच्या नात्यातील एक विषारी सरडा राहतो. वर्षातून मोजक्या वेळा जेवणारा हा प्राणी. न्यूयॉर्कमधील डॉ. जॉन इंग यांनी 1992 मध्ये त्याच्या विषात जीएलपी-1 सारखेच काम करणारा, पण रक्तात टिकून राहणारा पदार्थ शोधला. त्यावर आधारलेले इंजेक्शन 2005 मध्ये अमेरिकेत मान्य झाले. सिंहगडाच्या कथेपासून घोरपडीशी सख्य सांगणाऱ्या मराठी माणसाला या बातमीचे फारसे नवल वाटू नये! दुसरी वाट होती ती मुनिमाला मारणाऱ्या विकरालाच अडवण्याची. त्या वाटेने सिटाग्लिप्टिन ही गोळी 2006 मध्ये आली. भारतात 2022 मध्ये तिचे पेटंट संपल्यानंतर ती पुष्कळ स्वस्त झाली आणि आज सामान्य घरांतही पोहोचली आहे. आठवड्यातून एकदा घ्यावयाची सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही इंजेक्शने त्याच परंपरेतील. टिर्झेपाटाइड 2025 च्या मार्चमध्ये भारतात विक्रीस आले. त्यांनी साखर उतरते, वजनही पुष्कळ घटते. परंतु मळमळ, वांती हे त्रास अनेकांना होतात, चरबीबरोबर थोडे स्नायूही झिजतात, आणि औषध थांबवले की घटलेले वजन बरेचसे परत येते. ज्याला गरज आहे त्याने वैद्याच्या देखरेखीखाली ते अवश्य घ्यावे. लग्नापूर्वी बारीक दिसण्यासाठी ते कोणी मागू लागले, तर वडीलधाऱ्यांनी नाही म्हणावे.

आता आपल्याकडे वळू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ज्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले, तिच्या अंदाजाप्रमाणे 2021 मध्ये भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह होता. शहरांत हे प्रमाण प्रौढांच्या 16.4 टक्के, खेड्यांत 8.9 टक्के. आपण इतके जाड नाही, मग आपल्यालाच का? या प्रश्नावर ज्या मराठी डॉक्टरांनी आयुष्य वेचले, त्यांत पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधील साउदॅम्टनच्या बाळांचे 3.5 किलो. पुण्याची बाळे सर्वांगाने लहान होती, स्नायू कमी होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने राखलेली होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 2004 मध्ये त्यांनी एक छायाचित्र प्रसिद्ध केले. त्यात ते स्वतः आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, 22.3. पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के. काटा दोघांना समान म्हणतो, कसोटी मात्र वेगळे सांगते. सराफ्यात वाढलेल्या माणसाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. वजन काट्यावर कळते, कस दगडावर कळतो. तेव्हा “मी तर काडीसारखा आहे, मला कशाची भीती?” असे म्हणणाऱ्या माझ्या विद्यार्थी मित्रांनी हे लक्षात ठेवावे. गुरुजीही काडीसारखेच होते.

मग आपल्या हाती काय आहे? येथे माझ्या प्रतिपादनाचा मुख्य भाग येतो, आणि तो पानाविषयी आहे, केळीच्या पानाविषयी.

न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. अल्पना शुक्ला आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. अकरा मधुमेही रुग्णांना एकच जेवण दोन वेगवेगळ्या दिवशी दिले. एके दिवशी आधी पाव आणि फळांचा रस, पंधरा मिनिटांनी भाज्या आणि प्रथिने. दुसऱ्या वेळी नेमके उलट. पदार्थ तेच, प्रमाण तेच, बदलला तो केवळ क्रम. भाज्या आणि प्रथिने आधी खाल्ली तेव्हा अर्ध्या तासाने साखर 29 टक्क्यांनी, तासाने 37 टक्क्यांनी आणि दोन तासांनी 17 टक्क्यांनी कमी आढळली. त्यांच्याच पुढील अभ्यासात पिष्ट शेवटी खाल्ल्यावर जीएलपी-1 अधिक स्रवल्याचे दिसले. जपानमध्येही भातापूर्वी भाजी, मासे खाण्याचे असेच प्रयोग झाले आहेत. प्रयोग लहान आहेत, हे मान्य. पण कारणपरंपरा स्पष्ट आहे. तंतू, प्रथिने आणि स्निग्धांश आधी पोहोचले की आतड्याची वर्दी आधी जाते, जठराचे दार आवरले जाते आणि मागून येणारा भात हळूहळू आत सोडला जातो.

आता आपली पंगत डोळ्यांपुढे आणा. पानाच्या वरच्या टोकाला मीठ, लिंबू. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजवीकडे भाज्या. मध्ये भाताची मूद, तीवर वरण आणि तूप. आपण प्रारंभ कशाने करतो? भाताने. पाठोपाठ पोळी, मग मसालेभात, मग जिलेबी. डावी बाजू आपण बोटाच्या टोकाने चाटतो. चटणी-कोशिंबीर ही तोंडीलावणी, असे आपण तिला हिणवलेच आहे. पूर्वी जेवणारा शेतातून किंवा घोड्यावरून उतरून आलेला असे. त्याच्या स्नायूंना साखरेची निकड होती. आपण खुर्चीवरून उठून पाटावर बसतो. म्हणून माझे सांगणे एवढेच की पान तेच ठेवा, क्रम बदला. आधी वाटीभर कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ किंवा घट्ट वरण, ताक, आणि मग पोळी किंवा भात, तोही मोजका. मी माझ्यावर हे करून पाहिले. घरातल्या छोट्या यंत्रावर तेच जेवण, तेवढेच जेवण, क्रम बदलल्यावर खालचा आकडा दाखवू लागले. एका म्हाताऱ्याचे यंत्र म्हणजे शास्त्र नव्हे, पण मला धीर देण्यास ते पुरेसे होते. माझी गोळी मात्र मी बंद केली नाही. डॉक्टरांना विचारल्याखेरीज कोणीही ती करू नये.

दुसरी गोष्ट तंतूंची. भरडा, सालासकट धान्य-कडधान्य आतड्याच्या वरच्या भागात पुरते विरघळत नाही. त्याचा काही अंश खालपर्यंत जातो. तेथील सूक्ष्म जीव त्यावर आंबवण्याची क्रिया करतात, आणि त्यातून निघणारी लघु मेदाम्ले जीएलपी-1 च्या पेशींना जागे करतात. ज्वारी, बाजरी, हरभरा, मटकी, मेथी ही आपल्या आजीच्या घरातील नावे आहेत. उलट मैद्याची कचोरी आणि तिच्यामागून जिलेबी हा आपल्या लष्करातील सकाळचा नाश्ता वरच्या वरच विरघळतो आणि खालच्या मुनिमापर्यंत त्याची खबर उशिरा आणि तोकडी पोहोचते. उपवासाचेही तसेच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात बटाटा, वर रताळे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ज्याने केली त्याला संप्रेरके ठाऊक नव्हती, पण माणसे ठाऊक होती.

तिसरी गोष्ट शतपावली. स्नायू हालू लागले की इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ते साखर ओढून घेतात. जेवणानंतर काही मिनिटे हिंडल्यानेही साखरेचे शिखर खाली येते, असे अलीकडील अभ्यास सांगतात. आपल्या पूर्वजांना सारे विज्ञान आधीच ठाऊक होते, असा दावा मी करणार नाही. तो त्यांचाही अपमान आहे आणि विज्ञानाचाही. परंतु त्यांचे निरीक्षण तीक्ष्ण होते. चरकाने प्रमेहाच्या कारणांत बैठे सुख, झोपेचे सुख, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ मोजले आहेत. सुश्रुताने निर्धन रोग्याला शंभर योजने चालण्याचा किंवा विहीर खणण्याचा उपाय सांगितला आहे. आपल्याला बाड्याला एक फेरी मारली तरी पुरे.

शेवटी, ज्यासाठी मी हा विषय निवडला ते सांगतो. 1978 मध्ये मला पीएच.डी. मिळाली. मी पेढ्यांचा पुडा घेऊन गुरुजींच्या घरी गेलो. ते निवृत्त झाले होते आणि मधुमेह जडून काही वर्षे झाली होती. नमस्कार केला, पुडा पुढे धरला. त्यांनी पेढ्याचा चिमूटभर तुकडा मोडून जिभेवर ठेवला आणि म्हणाले, “झाले बरे तोंड गोड.” मी म्हणालो, “गुरुजी, असे चालायचे नाही. आज तरी अख्खा घ्यायलाच हवा.” ते नको म्हणत होते. मी हट्ट धरला. काकू दारात उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत. गुरुजींनी माझ्याकडे पाहिले आणि पेढा खाल्ला. मग मी दुसरा दिला. तोही त्यांनी खाल्ला.

पाच वर्षांनी ते गेले. पायाची जखम भरली नाही, पाय काढावा लागला आणि त्यातून ते उठले नाहीत. माझ्या दोन पेढ्यांनी ते गेले नाहीत, एवढे विज्ञान मला कळते. पण त्यांच्या अखेरच्या दिवसांत मी काकूंना हे बोलून दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या, “तू एकटा कुठे होतास? प्रत्येक जण एकच पेढा घेऊन यायचा.” त्या वाक्याने मला तो जुना पाठ पुन्हा शिकवला. प्रत्येक विद्यार्थ्याच्या तळहाताला त्याची गुंज जाणवली नाही. काट्याला साऱ्यांच्या जाणवल्या.

आग्रह हा आपल्या मराठी पंगतीचा अलंकार मानला जातो. नको म्हणणाऱ्याच्या पानात वाढणे हे आपण प्रेमाचे माप समजतो. आतड्याने ‘पुरे’ म्हणून पाठवलेली खबर मेंदूपर्यंत पोहोचलेली असते, आणि बाहेरून आपण तिच्यावर ओरडून बोलतो. हा अलंकार आता उतरवून ठेवावा, अशी माझी या सभागृहाला विनंती आहे. कोणी ‘नको’ म्हटले तर ते पहिल्याच वेळी ऐकावे. जो पथ्य पाळतो त्याला पंगतीत एकटे पाडू नये. शाळेच्या स्नेहसंमेलनात, श्रावणातल्या जेवणात, सवाष्ण-ब्राह्मणाच्या पानावर, वाटीभर कोशिंबीर आधी वाढावी आणि गोडाचा दुसरा फेरा वाढप्याने फिरवूच नये. प्रेम दाखवायचे तर जेवण झाल्यावर त्याच्याबरोबर शंभर पावले चालावे. वडीलधाऱ्यांच्या पायांची, बोटांमधल्या जागेसुद्धा, रोज पाहणी करण्याचे काम नातवंडांनी आपणहून घ्यावे. त्यात पाया पडण्याचे पुण्यही आहे. आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, मग तो कितीही बारीक असो, रक्त एकदा तपासून घ्यावे.

गुरुजींनी तळहातावर ठेवलेली ती गुंज मी अजून जपून ठेवली आहे. दिसायला सुंदर, पण तिचे बी आतून विषारी असते, हे मला फार पुढे कळले. आज ती मी सोबत आणली आहे आणि शाळेच्या प्रयोगशाळेला देत आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनी ती बंद बाटलीत ठेवावी आणि वर्षातून एकदा मुलांना काट्यावर टाकून दाखवावी. गुरुजींचे स्मारक म्हणून मला याहून चांगले काही सुचत नाही.

 बाहेर चहाची व्यवस्था आहे असे कळते. पेढेही असतील. ज्यांना घ्यावयाचे त्यांनी अवश्य घ्यावेत, फक्त कोणी कोणाला आग्रह करू नये.